जुलैमधला रंग

माझ्या एका टेम्पोचा डावा दरवाजा अजून निळाशार आहे. उजव्याला पोपडे धरलेत आणि खालच्या कडेला तांबूस गंज दिसतो. दोन्ही दरवाजे एकाच माणसाने, एकाच शेडमध्ये, एकाच कंपनीच्या रंगाने रंगवले होते. त्या माणसावर मी हलका माल वापरल्याचा आळ घेतला, त्याचे ८,००० रुपये अडवले आणि दोन वर्षं त्याच्या शेडवरून जाताना तिकडे पाहिलंही नाही. चूक माझी होती. ती कुठे आणि कशी झाली ते मला नीट सांगायचं आहे, कारण बंदरावरचे कितीतरी गाडीवाले दर पावसाळ्यात तेच करतात आणि बोल पेंटरला लावतात.

आमचा धंदा मासळी वाहतुकीचा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून बर्फात भरलेले क्रेट उचलायचे, साखरप्यावरून आंबा घाट चढायचा आणि पहाटेच्या आत कोल्हापूर गाठायचं. बाबांनी एका टेम्पोवर सुरुवात केली होती. मी आधी नुसते हिशेब लिहायची. बाबा गेल्यावर तिन्ही गाड्या माझ्या अंगावर आल्या आणि बाबांच्या सवयीही त्यांच्याबरोबर आल्या.

त्यातली एक सवय म्हणजे जुलैमधला रंग. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ६१ दिवस गाड्या उभ्या राहतात, ड्रायव्हर गावी लावणीला जातात. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बोटी पाण्यात गेल्या की मग गाडीला एका दिवसाची उसंत नसते. म्हणून ब्रेक, पाटे, वायरिंग, रंग असं गाडीचं जे काही करायचं ते या दोन महिन्यांत. त्यातून आमच्या दोन गाड्या आठ वर्षांच्या वरच्या. त्यांना दर वर्षी पासिंग लागतं आणि पासिंगची तारीख येते ऑगस्टात. जूनमध्ये गाडी मोकळी, ऑगस्टात पासिंग, म्हणजे रंग जुलैत. इतका सरळ हिशेब होता की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

रंगाबद्दलही माझ्या समजुती पक्क्या होत्या. रंग म्हणजे गाडीचे कपडे, जुने झाले की नवे चढवायचे. जितका जाड तितका टिकाऊ. आणि सोलला, तर पेंटरने थिनर जास्त ओतलं किंवा डबा बदलला. हे शेवटचं तर मी मुलांना शिकवल्यासारखं नव्या गाडीवाल्यांना सांगत असे.

आमचे पेंटरचाचा सत्तरीकडे झुकलेले. बाबांच्या पहिल्या टेम्पोवर नाव त्यांनीच घातलं होतं. मला ते बाय म्हणतात. त्या वर्षी मधल्या गाडीची केबिन आणि मागचा मालाचा डबा दोन्ही रंगवायचं ठरलं. जूनच्या अखेरीला मी गाडी घेऊन गेले, तेव्हा ते शेडच्या दारात उभे राहून पावसाकडे बघत होते.

“बाय, या दिवसात नको गो. अस्तर धरत नाय. पत्र्याला घाम येतो.”

“चाचा, बोटी नाही का रंगवत याच दिवसात?”

“बोट लाकडाची नायतर फायबरची. आणि तीसुद्धा ऊन पडल्यावर, पाण्यात सोडायच्या तोंडावर. हा पत्रा आहे.”

“मग शेड बंद करून घ्या. हॅलोजन लावा. मला पासिंग आहे.”

त्यांनी पुढे काही म्हटलं नाही. तीन बाजूंनी ताडपत्र्या सोडल्या, हॅलोजन लावले आणि काम सुरू केलं. मी रोज जाऊन उभी राहायची. पत्र्यापर्यंत घासा, जुनं काही ठेवू नका, असं मी सांगितलं. चार हात मारा, जाड मारा, हेही मीच सांगितलं. केबिनला दोन घटकांचा पीयू रंग आणि डब्याला, पैसे वाचावेत म्हणून, साधा ऑइलपेंट, हाही निर्णय माझा. डावा दरवाजा मात्र सोडायला लावला. फेब्रुवारीत बर्फाच्या कारखान्याच्या फाटकाला घासून तो चेपला होता आणि चाचांनीच तो ठोकून, लांबी भरून, रंगवून दिला होता. “तो नवाच आहे, त्याला हात नको,” मी म्हटलं. तेवढे चारशे-पाचशे वाचले. बंद शेडमध्ये तोंडाला नुसता रुमाल बांधून चाचा थिनरच्या आणि हार्डनरच्या वासात सहा दिवस होते. हार्डनरची वाफ छातीला वाईट, त्याला चांगला मास्क आणि वाहती हवा लागते, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी ताडपत्रीबाहेर छत्री धरून उभी असे.

गाडी झाली तेव्हा आरशासारखी दिसत होती. निम्मे पैसे दिले, बाकीचे ८,००० दिवाळीला देते म्हटलं.

दिवाळीच्या आधीच डब्यावरच्या फोन नंबरच्या स्टिकरचं एक टोक सुटलं. ड्रायव्हरने ते ओढलं आणि स्टिकरबरोबर पत्रावळीएवढा पापुद्रा हातात आला. खालचा पत्रा चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. केबिनवर वेगळंच झालं होतं. तिथे तांदळाच्या दाण्याएवढे फुगे आले होते. टाचणीने फोडला तर आतून पाणी यायचं, आणि फुटलेल्या जागी आठवड्याभरात गंज. मी तो पापुद्रा घेऊन शेडवर गेले, चार माणसांसमोर त्यांच्या बाकावर टाकला आणि विचारलं, “हा माल वापरलात?” चाचांनी तो उचलला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, “बाय, मी तुला सांगितलं होतं.” मी ते ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं, पण मला ती पळवाट वाटली. पैसे मिळणार नाहीत, एवढं सांगून मी निघून आले.

पुढची दोन वर्षं बाकीच्या गाड्यांचा रंग मी दुसरीकडे करून घेतला. एकदा जूनमध्ये, एकदा जुलैत. दोन्ही वेळा पोपडे. दोन्ही वेळा मी पेंटर बदलला.

डाव्या दरवाजाकडे माझं लक्ष गेलंच नाही. ते गेलं आमच्या सर्वात तरुण ड्रायव्हरचं. तिसऱ्या वर्षी गाडी धुताना तो म्हणाला, “ताई, या दरवाजाला वेगळा रंग लावला होता काय? याला एक फुगा नाय.” मी नाही म्हटलं आणि तेवढ्यात मला काहीतरी आठवलं. घरी येऊन बाबांच्या पद्धतीने लिहिलेली खर्चाची डायरी काढली. १४ फेब्रुवारी, डावा दरवाजा: इपॉक्सी अस्तर, पीयू निळा, हार्डनर, कंपनीचं नाव, मजुरी. पाच महिन्यांनी जुलैची नोंद: तेच अस्तर, तोच निळा, तोच हार्डनर, तीच कंपनी. पानं पुन्हा पुन्हा उलटली. दोन नोंदींत फरक होता तो फक्त महिन्याचा.

त्या रात्री मला झोप आली नाही. रंगाचा प्रश्न सुटला याचा आनंद वगैरे काही नव्हता. चार माणसांसमोर बाकावर टाकलेला तो पापुद्रा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

माझा भाचा जहाजांच्या रंगकामाची तपासणी करतो. गणपतीला घरी आला तेव्हा मी त्याला दोन्ही दरवाजे दाखवले. त्याने मलाच विचारलं, रंगवलं त्या दिवशी हवेत दमटपणा किती होता? मी म्हटलं, पाऊस होता. तो म्हणाला, जहाजावर हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर गेला की काम थांबवतात. पत्र्याचं तापमानही मोजतात. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते, त्याच्यापेक्षा पत्रा निदान ३ अंशांनी गरम असावा लागतो, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव पत्र्यावर असतं आणि अस्तर पत्र्याला न चिकटता त्या पाण्याला चिकटतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा जून-जुलैचा. त्या दिवसांत इथली हवा ८५ टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते. चाचा “पत्र्याला घाम येतो” म्हणाले होते. भाच्याच्या यंत्राने जे मोजलं असतं, ते त्यांच्या तळहाताला कळलं होतं. सकाळी काम सुरू करण्याआधी ते पत्र्यावर हात फिरवून थांबायचे. तो त्यांचा आळस आहे असं मी घरी बोलले होते.

पीयूच्या हार्डनरचं आणखी एक आहे. तो रंगातल्या दुसऱ्या घटकाशी जुळायच्या आधी हवेतल्या पाण्याशीही जुळतो, त्यातून वायू सुटतो आणि थरात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात. वरून झळाळी दिसते, आत चाळणी असते.

आणि मीठ. खरं तर आधी तेच सांगायला हवं होतं, कारण आमच्यासारख्यांचं सगळं नुकसान तिथून सुरू होतं. मासळीच्या गाडीतून बर्फाचं खारं पाणी रात्रभर गळत असतं. बंदरावर उभ्या गाडीवर समुद्राचे तुषार बसतात. मी पत्र्यापर्यंत घासायला लावलं, पण घासण्याआधी गाडी गोड्या पाण्याने धुवून वाळू दिली नव्हती, कारण वाळायला दिवस कुठे होते? खारवलेल्या पत्र्यावर पॉलिश पेपर फिरवला तर मीठ निघत नाही, पेपरच्या ओरखड्यांत भरलं जातं. वरून रंग लावला की ते आत बंद होतं. रंगाचा थर आपल्याला काचेसारखा वाटतो, पण पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत शिरते आणि आतलं मीठ तिला ओढून घेतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. माझ्या केबिनवरचे ते तांदळाएवढे फुगे म्हणजे अशा बरण्याच होत्या. मग त्या पाण्यात लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि रंगाला खालून उचलतो. आपल्याला पोपडा दिसतो तेव्हा खालचं काम कधीच होऊन गेलेलं असतं.

कारखान्यातून आलेला थर खरवडून मी आणखी एक मोठं नुकसान केलं. नवी केबिन आधी फॉस्फेटच्या द्रावणातून जाते, मग रंगाच्या हौदात अख्खी बुडवून विजेच्या जोरावर पहिला थर चढवतात आणि तो १६० ते १८० अंशांच्या भट्टीत भाजतात. तो थर सांध्यांत, कोपऱ्यांत, दरवाजाच्या पोटातही जातो. सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी असते, आणि तरी तो दहा-बारा वर्षं टिकतो. तसा थर कुठल्याही शेडमध्ये पुन्हा देता येत नाही. जिथे तो घट्ट होता तिथे नुसता बारीक घासून त्यावर काम करायला हवं होतं. काम पूर्ण दिसावं या हट्टापायी मी तो काढून टाकला. चार जाड हातांचंही तेच. वरची साय आधी सुकते, खालचं थिनर अडकतं.

डब्याचं दुखणं वेगळं होतं, म्हणूनच तिथे गंज नव्हता. आमच्या डब्याचा बाहेरचा पत्रा जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. ऑइलपेंटमधल्या तेलाची आणि जस्ताची हळूहळू प्रक्रिया होते आणि दोघांच्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो. साबणावर काही टिकेल का? रंग चादरीसारखा सुटतो. तो फेब्रुवारीत लावला असता तरी सुटलाच असता. जस्ताच्या पत्र्याला आधी त्याच्यासाठी बनवलेलं वॉश प्रायमर किंवा इपॉक्सी अस्तर लागतं. चाचांनी पापुद्रा उलटा करून पाहिला होता तो याचसाठी. मागची बाजू गुळगुळीत आणि तेलकट होती. माझ्या हातात तो तीन तास होता, मी उलटा करून पाहिला नव्हता.

राहिलं धुणं. मासळीचा वास जावा म्हणून आम्ही गाडी धुण्याच्या सोड्याने धुवायचो, आठवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडर. ऑइलपेंटमधल्या तेलाचाही सोड्याने साबणच होतो. जुना रंग काढायला सुतार कॉस्टिक लावतात हे मी लहानपणापासून बघत आले आणि तरी तेच सौम्य करून रोज गाडीवर ओतत होते. ब्लीचिंगमधलं क्लोरीन उघड्या लोखंडाला मिठापेक्षाही लवकर खातं. शिवाय विहिरीचं पाणी. आमच्या विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं. म्हणजे गाडी धुतली असं मी समजत होते तेव्हा मी तिला पुन्हा खारवत होते. बंदीच्या काळात ओल्या गाडीवर प्लॅस्टिक बांधून ठेवणं हाही त्याच जातीचा उद्योग. आतली ओल आतच कोंडते आणि दिवसभराच्या उबेने पत्र्याला वाफ बसते.

हे सगळं कळल्यावर चाचांकडे जायला मला आणखी तीन आठवडे लागले. ते का लागले, याला उत्तर नाही. जायचं ठरवायची आणि बंदरावरच काहीतरी काम काढायची. शेवटी एका सकाळी तीच गाडी घेऊन गेले, पाकिटात ८,००० घालून. शेडमध्ये तेव्हाची दोन माणसं होती. त्यांच्यासमोरच बोलायचं ठरवलं होतं, तसं बोलले. “चाचा, माल चांगला होता. तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. वर तुम्हाला चोर ठरवलं.” चाचांनी पाकीट घेतलं, न मोजता खिशात ठेवलं आणि बाहेर येऊन आधी डाव्या दरवाजावर हात फिरवला, मग उजव्यावर. उजव्याच्या तळाशी नखाने टोकरलं.

“याची भोकं बुजलीत,” ते म्हणाले. “पाणी आत साचतंय. गाडी कधी आणतेस?”

“तुम्ही सांगाल तेव्हा.”

दरवाजाच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. त्या भोकांबद्दल मला गाड्या चालवायला लागून अकरा वर्षं झाल्यावर कळलं. आता ती दर आठवड्याला तारेने मोकळी होतात. गाडी कोल्हापूरहून परत आली की नळाच्या गोड्या पाण्याने धुतात, वरून आणि मडगार्डच्या आतून, चासीच्या बाजूने. सोडा बंद, साधा पातळ साबण. डब्याच्या आत जंतुनाशक वापरलं तर नंतर भरपूर पाण्याने धुवायचं आणि दारं उघडी टाकून वाळू द्यायचं. घाटात खडी उडून तोंडाला टवके पडतात. त्यांच्यासाठी ड्रायव्हरकडे अस्तराची छोटी डबी आणि ब्रश दिलाय, टवका नखाएवढा असेल तेव्हाच तो बुजला पाहिजे. मे महिन्यात मेण. बंदीत गाड्या छपराखाली, पण उघड्या. चासीला जळकं ऑइल मारायची बंदरावर पद्धत आहे, मीही ती पाळत होते. ते रबराचे बुश खातं, पावसात निथळून विहिरीकडे जातं, आणि जिथे शिंपडलं त्याच्या आसपास पुढे रंग धरत नाही. ते मी बंद केलंय, त्यावरून बंदरावर अजून वाद होतात.

सगळ्यात महाग पडतो तो रंगाचा नवा महिना. फेब्रुवारीत हवा कोरडी आणि धंदा चालू. तेव्हा गाडी दहा दिवस उभी करायची म्हणजे दहा रात्रींचं भाडं सोडायचं आणि नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी दुसऱ्याची गाडी भाड्याने घ्यायची. पहिल्या वर्षी हे पैसे मोजताना माझा हात थरथरला. पण तीन वर्षांत तीनदा वाया गेलेल्या रंगाचा खर्च डायरीत शेजारीच लिहिलेला होता. पासिंगचं म्हणाल तर ऑगस्टच्या पासिंगला फेब्रुवारीचा रंग चालतो, तो टिकलेला असला म्हणजे झालं.

गेल्या फेब्रुवारीत मोठी गाडी झाली. तिच्यावरून एक पावसाळा गेला. दिवाळीत मी तिच्या डब्यावर चारही बाजूंनी नख लावून पाहिलं, केबिनच्या कडा पाहिल्या, दरवाजाच्या तळाला बोट घालून पाहिलं. एक टवका सापडला, तो खडीचा.

आता मधली गाडी शेडमध्ये आहे, ती उजव्या दरवाजाची. डबा जस्तापर्यंत साफ करून त्याला त्याचं अस्तर दिलंय. केबिन दोनदा गोड्या पाण्याने धुवून दोन दिवस उन्हात ठेवली. शेड तिन्ही बाजूंनी उघडी आहे आणि चाचांच्या नातवाच्या तोंडावर मी आणलेला मास्क आहे. चाचांनी तो स्वतः लावायला नकार दिला, त्यावर आमचं रोज बोलणं होतं. आज सकाळी आठला त्यांचा फोन आला. रात्री दव पडलंय, पत्रा अजून गार आहे, अकराशिवाय गनला हात लावत नाही, म्हणजे गाडी एक दिवस उशिरा मिळेल. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला मी उद्याची गाडी कबूल केली होती. त्याला फोन करून परवाची वेळ सांगितली आणि चाचांना म्हटलं, अकरा नाही तर बारा वाजू देत.